एक्झिट रो मधून बाबांना उठवलं. केबिन क्रूचं नक्की काम काय असतं?

गौरी_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण परत आल्यापासून घरात यावरून वाद चालू आहे आणि मला खरंच नीट माहिती हवीये.

आई-बाबांना घेऊन दिल्लीहून पुण्याला येत होते, रात्रीची फ्लाइट. बाबांना पाय लांब करता यावेत म्हणून जादा पैसे भरून पंखाजवळची एमर्जन्सी एक्झिटची सीट घेतली होती, मी त्यांच्या शेजारी. सामान वर ठेवलं, बसलो, बेल्ट लावला, तेवढ्यात क्रूमधली एक मुलगी आली आणि बाबांना विचारायला लागली की अंकल, गरज पडली तर हे दार उचलून बाहेर टाकता येईल का, चालायला काही त्रास आहे का. बाबांनी खरं ते सांगितलं, की दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, काठी वापरतो. झालं, तिने लगेच त्यांना मागच्या रांगेत नेलं आणि मागून एका कॉलेजच्या वयाच्या मुलाला पुढे आणून बसवलं. बोलली गोड, पण बाबांना फार लागलं ते. पैसे भरून घेतलेली जागा, आणि सगळ्यांसमोर उठवलं, असं त्यांचं चाललंय.

मग त्या मुलाला आणि मला मिनिटभर हँडल वगैरे दाखवलं, माझ्या मांडीवर छोटी पर्स होती ती सुद्धा वर ठेवायला लावली. पुणं जवळ आल्यावर लाइट घालवले, खिडकीचं शटर वर करा, सीट सरळ करा, टेबल बंद करा. आईचं म्हणणं की खायला प्यायला द्यायला ठेवलेली माणसं, त्यांचे हुकूमच जास्त.

तर विचारायचं हे की असं सीटवरून उठवणं हा नियम आहे का त्या मुलीची मर्जी? आणि हे सगळं जे करायला लावतात त्याला खरंच काही अर्थ असतो का? कोणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सांगा.

मेघना_विमाननगर

गौरीताई, मी बरीच वर्षं केबिन क्रू होते, आता नवीन बॅचेसना शिकवते. त्या मुलीने केलं ते तिला करावंच लागतं, तिच्या मर्जीचा प्रश्नच नाही. उलट तिने बाबांना तिथे बसू दिलं असतं आणि तपासणीत ते सापडलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं.

कारण सांगते. तुम्ही ज्या प्रकारच्या विमानात असाल, ए३२० म्हणू, त्यात क्रूच्या सीट पुढे आणि मागे असतात. मधे पंखावर जी दारं असतात तिथे आमचं कोणीही बसत नाही. म्हणजे वेळ आली तर ते दार उघडणार कोण, तर तिथला प्रवासी. आणि ते दार बिजागरीचं नसतं, अख्खी झडप सुटून हातात येते, साधारण १५ किलोची. ती आत ओढायची, धरायची आणि बाहेर फेकायची, मग त्या भोकातून वाकून पाय टाकून पंखावर उतरायचं. हे सगळं धूर असताना, मागून लोक रेटत असताना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते करायला लावणं हे त्याच्यावरही अन्याय आणि त्याच्या मागच्या पन्नास माणसांवरही.

आम्ही शिकवताना १९८५ सालच्या मँचेस्टरच्या अपघाताचं उदाहरण देतोच. २२ ऑगस्टला ब्रिटिश एअरटूर्सचं बोईंग ७३७ टेकऑफसाठी धावत असताना इंजिन फुटलं आणि आग लागली. विमान जमिनीवरच होतं, थांबलेलं होतं, तरी ५५ माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक धुराने. पंखावरच्या दाराशी बसलेल्या बाईला ते कसं उघडायचं ते पटकन कळलं नाही, आणि उघडलं तेव्हा ती जड झडप तिच्याच अंगावर पडली, ती खाली अडकली. कोणीतरी ती उचलून बाजूला करेपर्यंत किती वेळ गेला असेल विचार करा. दाराजवळच्या सीटमधलं अंतर वाढवणं वगैरे बदल त्या अपघातानंतर आले. तुम्हाला पाय पसरायला मिळतात ना ती जागा, ती आरामासाठी नाही हो, माणसं बाहेर पडायला आहे. एअरलाइन तिचे पैसे लावते हा वेगळा विषय, माझ्या मते ती लेगरूम म्हणून विकायलाच नको, त्याने प्रवाशाचा असा समज होतो की जागा माझी झाली.

पर्सचं पण तेच. पट्टा पायात अडकायला एक सेकंद लागतो. बाकीच्या रांगांमध्ये समोरच्या सीटखाली ढकललं तर चालतं, त्या रांगेत टेकऑफ लँडिंगला जमिनीवर काहीही चालत नाही.

आता आईंच्या मुद्द्याबद्दल. विमानात क्रू किती असावेत हे चहा कॉफीवरून ठरत नाही, सीटवरून ठरतं, मोठ्या विमानांत साधारण दर ५० सीटमागे एक. १८० किंवा १८६ सीटच्या ए३२० मध्ये कमीत कमी चार असतात ते म्हणून. जेवणाच्या ट्रॉल्या आल्याच नाहीत तरी विमान निघेल, पण चारातली एक मुलगी आजारी पडली आणि बदली मिळाली नाही तर भरलेलं विमान निघत नाही.

दिवस कसा सुरू होतो ते सांगते म्हणजे अंदाज येईल. आधी ब्रेथ अ‍ॅनालायझर, पायलटसारखीच आमची पण होते. मग ब्रीफिंग, त्यात सिनिअर प्रत्येकीला प्रश्न विचारते, अमुक विमानात ऑक्सिजनचा सिलेंडर कुठे, पाण्यात उतरलो तर कोणतं दार वापरायचं नाही, आणि उत्तर आलं नाही तर त्या फ्लाइटवरून उतरवू शकतात. प्रवासी चढायच्या आधी विमानात जाऊन आपापल्या भागातली प्रत्येक वस्तू हात लावून बघायची. दाराच्या खालच्या फुगीर भागात एमर्जन्सीत उतरायची फुगणारी घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते, तिथे एक छोटी काच असते, त्यात प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते वाकून बघायचं. आग विझवायच्या सिलेंडरचं सील तुटलेलं नाही ना, धुरात डोक्यावर चढवायचा तो हूड त्याच्या पाकिटात हवाबंद आहे ना, मेगाफोन दाबून आवाज येतो ना. शिवाय सीटखाली, टॉयलेटमध्ये, कप्प्यात कोणी काही ठेवून गेलंय का तेही.

आणि मग तुम्ही चढता तेव्हा दारात आम्ही नमस्ते म्हणत उभ्या असतो, तेव्हाही डोळे कामच करत असतात. कोण प्यायलेलं आहे, कोणाचा चेहरा पांढराफटक पडलाय, कोणाबरोबर तान्हं बाळ आहे, कोण धडधाकट आहे जो वेळेला मदत करेल. त्या कॉलेजच्या मुलाला तिने उगाच नाही उचललं, चढतानाच तिने त्याला हेरलेलं असणार.

गौरी_सिंहगडरोड

मेघनाताई खूप खूप धन्यवाद. मँचेस्टरचं बाबांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण दोनदा वाचायला लावलं. लाइट आणि शटरचं पण सांगाल का? ते आईला अजून पटत नाहीये.

मेघना_विमाननगर

हो सांगते ना.

नवीन विमानाला परवानगी देताना एक चाचणी असते, की पूर्ण भरलेलं विमान ९० सेकंदात रिकामं व्हायला हवं, अंधारात, आणि निम्मी दारं बंद असं धरून. आम्ही जे जे करायला लावतो ते त्या दीड मिनिटासाठी. रात्री उजेडातून एकदम अंधारात गेलं की आपल्याला काही दिसत नाही, डोळ्यांना सवय व्हायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं तेव्हा कुठून आणणार, म्हणून उतरायच्या आधीच लाइट मंद करायचे. जमिनीवरची ती चमकणारी पट्टी पण मग दिसते. टेबल उघडं राहिलं तर खिडकीजवळचा माणूस अडकला. सीट मागे रेलली असेल तर मागचा अडकला.

शटर वर ठेवायचं ते बाहेर बघण्यासाठी. कुठल्या बाजूला आग आहे हे कळल्याशिवाय दार उघडायचं नसतं, चुकीचं दार उघडलं तर आग आत येईल. आम्हाला आमच्या दाराच्या छोट्या खिडकीतून थोडंच दिसतं, मधलं तुम्हालाच दिसतं. मे २०२५ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, डिफेन्सच्या विमानतळांवर, मुख्यतः पश्चिम सीमेजवळच्या, टेकऑफ लँडिंगला शटर खाली ठेवायला सांगितलं होतं ना सुरक्षेच्या कारणाने, तेव्हासुद्धा एमर्जन्सी एक्झिटच्या रांगा त्यातून वगळल्या होत्या. आपलं पुण्याचं लोहगाव विमानतळ पण एअरफोर्सचंच, तिथे फोटो काढू नका म्हणून सांगतात, तेवढं मात्र खरंच पाळा.

अजून एक, तुम्हाला कधी दिसलं असेल, टेकऑफच्या वेळी क्रू त्यांच्या त्या घडीच्या सीटवर अगदी ताठ बसलेले असतात, डोकं मागे टेकलेलं, पाय जमिनीवर सपाट, हात मांडीखाली. लोकांना वाटतं गप्प बसलेत. तेव्हा मनात उजळणी चालू असते. माझं दार कोणतं, उघडायचं कसं, बाहेर आग असेल तर दुसरं दार कोणतं, कोणाला मदत लागेल, ओरडायचं काय. प्रत्येक टेकऑफ, प्रत्येक लँडिंगला, दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, असली तर आठ वेळा. विमानाचे जास्त अपघात सुरुवातीच्या तीन आणि शेवटच्या आठ मिनिटांत होतात असं आम्हाला शिकवतात, म्हणून तेवढा वेळ आमच्याशी कोणी बोललेलं पण चालत नाही.

निनाद_कोथरूड

माहिती चांगली आहे पण माझं एक वेगळं मत मांडतो. सीटचे पैसे घेताना एअरलाइनने वयाचं, तब्येतीचं नीट विचारायला हवं, नंतर विमानात सगळ्यांसमोर उठवणं हे चूकच. त्यांनी पैसे परत मागायला हवेत.

आणि दुसरं, ते बॅगा सोडून पळा म्हणतात ते मला कधीच पटलेलं नाही. माझ्या हँडबॅगेत पासपोर्ट, इन्सुलिन, लॅपटॉप, सगळं आयुष्य असतं. पायाशी असलेली बॅग उचलायला दोन सेकंद लागतात. तेवढ्याने काय बिघडतं? क्रू माझी बॅग भरून देणार आहे का?

एएमई_धानोरी

मी विमानाच्या मेंटेनन्समध्ये आहे. मेघना मॅडम बॅगेबद्दल सांगतीलच, मी दारांबद्दल थोडं लिहितो कारण लोकांना त्याची कल्पना नसते.

विमान मागे ढकलायच्या आधी स्पीकरवर ते आर्म डोअर्स अँड क्रॉस चेक ऐकू येतं. त्या वेळी दाराचा एक लिव्हर खाली करतात, त्याने घसरगुंडी दाराशी विमानाच्या फ्लोअरला जोडली जाते. आता जर कोणी आतून दार उघडलं तर ती आपोआप फुगणार, सहा ते दहा सेकंदांत, सिलेंडरच्या गॅसने, आणि इतक्या जोरात की समोर माणूस उभा असेल तर त्याचा जीव जाऊ शकतो. पोचल्यावर लिव्हर परत वर करायचा विसरलं आणि दार उघडलं तर झालंच, पुढची फ्लाइट गेली, घसरगुंडी काढून वर्कशॉपला, लाखोंचा खर्च. म्हणून एकीने केलं की समोरच्या दारावरची दुसरी जाऊन तिचं बघते आणि ती हिचं बघते. बाहेरून दार उघडलं तर लिव्हर आपोआप सुटतो, पण त्यावर कोणी विसंबून राहत नाही. त्या वेळी लोक उठून बॅगा काढायला लागलेले असतात आणि ती मुलगी त्या गर्दीत दारापाशी उभी राहून हे करत असते, तिला त्या क्षणी धक्का देऊ नका, एवढंच सांगणं आहे.

दुसरं म्हणजे मधे आकाशात कोणी दार उघडेल ही भीती लोकांना असते. उंचावर ते शक्यच नाही, आतल्या हवेचा दाब दाराच्या दर चौरस मीटरला पाच टनांच्या वर असतो, कोणी पैलवान असला तरी हलणार नाही. पण विमान खाली आलं की आतला बाहेरचा दाब जवळपास सारखा होतो. २६ मे २०२३ ला दक्षिण कोरियात एशियानाच्या ए३२१ मध्ये डेगूला उतरता उतरता एका प्रवाशाने दार उघडलं, जमीन दोनशे-अडीचशे मीटर खाली असताना. विमान तसंच उघड्या दाराने उतरलं, सगळे वाचले. तेव्हा दारापाशी कोण बसतंय यावर क्रूने लक्ष ठेवलं तर राग मानू नये.

मेघना_विमाननगर

निनाद, पैशांचं म्हणाल तर बुकिंग करताना त्या सीटच्या अटी येतात आणि आपण न वाचता टिक करतो, पण गौरीताईंनी एअरलाइनला लिहून बघावं, विचारायला काय हरकत आहे. आणि बाबांना वाईट वाटलं ते मी समजू शकते. आम्ही मुलींना शिकवतो की प्रवाशाच्या उंचीला खाली बसून हळू आवाजात बोला, मागच्यापुढच्याला ऐकू जाता कामा नये. ते तिथे कमी पडलं असेल तर ते सुधारायला हवं.

पण बॅगेचं ऐका, यात मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. दोन सेकंद तुमचे. १८० माणसांचे दोन दोन सेकंद धरा, आणि बॅग घेऊन कोणी सीटखालून निघत नाही, अर्धे लोक वरचा कप्पा उघडून उभे राहतात, पॅसेज एकच आहे आणि जेमतेम एका माणसाचा. मग घसरगुंडीवरून ट्रॉली बॅग घेऊन उडी मारली की तिच्या चाकाने कापड फाटू शकतं, आणि एक घसरगुंडी गेली म्हणजे त्या दाराच्या सगळ्या माणसांचा रस्ता गेला.

३ ऑगस्ट २०१६, तिरुअनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं बोईंग ७७७. उतरताना धावपट्टीवर आदळलं, घासत गेलं, आग लागली. आत ३०० माणसं, बहुतेक आपलेच भारतीय. आतला व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरत होता, धूर भरलाय, क्रू घसा फोडून ओरडतायत बॅगा सोडा उडी मारा, आणि लोक वरचे कप्पे उघडून लॅपटॉप शोधतायत. सगळे प्रवासी बाहेर पडले, आणि थोड्याच वेळात मधली इंधनाची टाकी फुटली. तेव्हाही कॅप्टन आणि सिनिअर केबिन क्रू आत होते, कोणी मागे राहिलंय का ते शोधत. ते कसेबसे वाचले, पण बाहेर आग विझवणारा एक फायरमन गेला. त्या कप्पे उघडणाऱ्या लोकांपैकी कोणाच्याही बॅगेत असं काय होतं सांगा.

आणि याच्या उलट टोकियो हानेडा, २ जानेवारी २०२४. जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना धावपट्टीवर उभ्या असलेल्या कोस्टगार्डच्या छोट्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती, त्यात लहान मुलं पण, विमान जळत होतं. अनाउन्समेंटची सिस्टिम बंद पडली होती, मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर काम. आठपैकी फक्त तीन दारं वापरण्यासारखी होती, बाकी दारांबाहेर आग. मागच्या डाव्या दारावरच्या क्रूचा कॉकपिटशी संपर्कच होत नव्हता, तर बाहेर बघून तिने स्वतः ठरवलं आणि दार उघडलं. सगळं व्हायला १८ मिनिटं लागली आणि ३७९ च्या ३७९ बाहेर. लोक हात हलवत, बॅगा न घेता. मी वर्गात हे शिकवते तेव्हा मुलींना सांगते की त्या दिवशी नऊ क्रू होत्या आणि त्यांनी शिकलेलं सगळं एका संध्याकाळी वापरलं, आणि प्रवाशांनी त्यांचं ऐकलं. दोन्ही गोष्टी झाल्या म्हणून ते घडलं.

इन्सुलिन आणि पासपोर्ट अंगावर ठेवा, खिशात किंवा कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये, जॅकेटच्या आत. माझी स्वतःची सवय तीच आहे. टेकऑफ लँडिंगला बूट पण काढून बसू नका.

निनाद_कोथरूड

मान्य. पाऊचची आयडिया चांगली आहे, त्या दृष्टीने कधी विचारच केला नव्हता. एमिरेट्सचा तो व्हिडिओ आठवतोय मला.

डॉक्टर_औंध

मेडिकलच्या बाजूने थोडं. फ्लाइटमध्ये डॉक्टर आहे का अशी अनाउन्समेंट झाली म्हणून मी एकदा गेले तर एक काका पॅसेजमध्ये पडलेले आणि क्रूच्या मुलीने ऑलरेडी शर्टाची बटणं काढून शॉक द्यायच्या मशीनचे पॅड लावायला घेतले होते, दुसरी ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन उभी, तिसरी कॉकपिटला फोनवर वय, वेळ, लक्षणं सांगत होती. मी फक्त मदतीला होते खरं सांगायचं तर. काका शुद्धीवर आले, हृदयाचा प्रॉब्लेम नव्हता, साखर खूप खाली गेली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि गोळी मात्र घेतलेली. डायबेटिसवाल्यांनी हे लक्षात ठेवा प्लीज, सकाळच्या फ्लाइटला निघताना खाऊन निघा.

गौरी_सिंहगडरोड

बाबांनी आता स्वतःच एक प्रश्न विचारलाय, मी नुसती टाइप करतेय. डेमो मध्ये ते म्हणतात आधी स्वतःचा मास्क लावा मग दुसऱ्याला. बाबांना वाटतं हे स्वार्थीपणाचं आहे, शेजारी नातवंड असेल तर आधी त्यालाच लावणार ना माणूस. आणि लाइफ जॅकेट आत फुगवायचं नाही असं का, शेवटच्या क्षणी फुगवायला विसरलो तर?

मेघना_विमाननगर

बाबांना सांगा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर नातवंडाच्याच बाजूचं आहे. विमान ३५ हजार फुटांवर असताना दाब गेला तर माणूस शुद्धीत, हात चालवण्याइतका, जेमतेम अर्धा ते एक मिनिट असतो. आणि वाईट हे की त्याला काही होतंय असं वाटत नाही, थोडं हसू येतं, बोटं ऐकत नाहीत. बाबा नातवाच्या मास्कचं इलॅस्टिक नीट करत बसले आणि ते रडून काढायला लागलं तर बाबाच आधी जातील, मग नातवाकडे बघणारं कोणी नाही. स्वतःला लावायला पाच सेकंद लागतात, मग निवांत त्याला लावा, तो अर्धा मिनिट बेशुद्ध झाला तरी मास्क लागल्यावर लगेच येतो. मास्क जोरात खाली ओढायचा, त्या ओढण्यानेच ऑक्सिजन सुरू होतो. ती प्लास्टिकची पिशवी फुगली नाही तरी घाबरायचं नाही. तो ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो आणि तेवढ्यात पायलट विमान १० हजार फुटांवर आणतो. आम्हाला पण त्या वेळी नियम हाच, ट्रॉली सोडून जवळच्या रिकाम्या सीटवर बसायचं, नाहीतर प्रवाशाच्या मांडीवर, आणि आधी मास्क.

लाइफ जॅकेटचं, २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान अपहरण झालं, इंधन संपलं आणि ते कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलं. १७५ पैकी १२५ माणसं गेली. त्यात कितीतरी जण असे होते ज्यांनी आतच जॅकेट फुगवलं होतं. विमानात पाणी भरलं की फुगलेलं जॅकेट माणसाला छताला नेऊन चिकटवतं, दार खाली पाण्याखाली, आणि त्याला बुडी मारून तिथे जाता येत नाही. म्हणून दारात आल्यावर ओढायचं. विसरलात तर दारावरची क्रू ओरडून सांगते, आणि तुमच्या जॅकेटची दोरी ती स्वतःच ओढते बऱ्याचदा.

एएमई_धानोरी

यात पॉवर बँकची भर घालतो, आजकाल सगळ्यात जास्त भीती त्याची आहे. लिथियम बॅटरी तापून पेटली की नुसत्या गॅसच्या सिलेंडरने ज्वाळा विझते पण बॅटरी आतून तापतच राहते आणि परत पेटते. म्हणून क्रू आधी सिलेंडर मारतात आणि मग त्यावर पाणी ओततात, बाटल्याच्या बाटल्या, थंड होईपर्यंत. चेक इन बॅगेत पॉवर बँक बंदी आहे ती याचसाठी, खाली कार्गोमध्ये पेटली तर तिथे पाणी ओतायला कोणी नाही. २८ जानेवारी २०२५ ला कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान जमिनीवर उभं असताना वरच्या कप्प्यात आग लागली, पॉवर बँकचाच संशय होता. सगळे १७६ उतरले पण विमानाचं छप्पर जळून गेलं. तर पॉवर बँक वरच्या बॅगेत कपड्यात गुंडाळून ठेवू नका, दिसेल अशी जवळ ठेवा.

आणि फोन सीटच्या फटीत पडला तर कृपा करून सीट मागेपुढे करू नका. फोन त्या लोखंडात चेंगरला की पेटतो. बटण दाबून क्रूला बोलवा, त्या हळूच काढून देतात.

सुलभा_चिंचवड

खूप छान धागा, सगळा वाचून काढला. माझ्या भाचीला यात जायचंय, बारावी झालीये. पुण्यात इतक्या इन्स्टिट्यूट आहेत, एक वर्षाचा डिप्लोमा, फी दीड दोन लाख सांगतात आणि नोकरीची गॅरंटी म्हणतात. मेघनाताई घ्यावा का प्रवेश?

मेघना_विमाननगर

सुलभाताई, गॅरंटी म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. एअरलाइन बारावी पास आणि वय १८ पूर्ण बघतात, उंची, तब्येत, भाषा बघतात, मुलाखत घेतात आणि निवड झाली की सेफ्टीचं ट्रेनिंग स्वतः देतात, डीजीसीएच्या मान्यतेने. बाहेरच्या डिप्लोमाने ते माफ होत नाही, परत सगळं पहिल्यापासून करावंच लागतं. बोलण्याची, इंग्रजी हिंदीची तयारी हवी असेल तर साधा स्पोकन इंग्लिशचा क्लास खूप स्वस्तात होतो. एअरलाइनच्या वेबसाइटवर ओपन डे च्या तारखा येतात, तिथे थेट जायचं, त्याला फी नसते.

तिला एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवा की ट्रेनिंगमध्ये मेकअपचा भाग थोडा आणि बाकी आग, धूर, पाणी, प्रथमोपचार. धुराच्या खोलीत हूड घालून रांगत जाऊन बाहुली शोधून आणावी लागते. दार उघडून घसरगुंडीवरून उडी मारावी लागते, मागे सरकलात तर परत वर पाठवतात. पोहण्याच्या तलावात जॅकेट घालून दुसऱ्याला ओढत राफ्टवर चढवायचं असतं. परीक्षेत पासिंग पण नेहमीच्या ३५ टक्क्यांचं नसतं, खूप वर असतं, आणि दर वर्षी परत द्यायची, नाही झालात पास तर उडता येत नाही. रडून परत गेलेल्या मुली बघितल्यात मी, आणि घाबरट वाटणारी मुलगी त्या धुराच्या खोलीतून सगळ्यात आधी बाहुली घेऊन आलेली पण बघितलीये. भाचीला पाण्याची भीती असेल तर आत्तापासून पोहायला घाला, जवळ कुठे महापालिकेचा तलाव असेल तिथे, नाहीतर डेक्कनला टिळक टँक आहेच. आणि अजून काही विचारायचं असेल तर तिलाच इथे लिहायला सांगा, मी उत्तर देईन.